पलंगावरचा चौरंग

अण्णा पाय लांब करून पलंगावर बसले की त्यांच्या मांडीची उंची गादीपासून साडेसहा इंच भरते. वर वाकळ घेतली की आठ. कोपर साडेनऊ इंचांवर येतं, आणि खुब्यापाशी अंगाची रुंदी सोळा इंच. ही मापं मी आईच्या शिवणाच्या टेपनं घेतली आणि कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवली. अण्णांना पलंगावर बसून जेवता यावं म्हणून पुढचे पाच रविवार मी मिटत्या पायांचा लाकडी ट्रे करत होते, आणि ते सगळं काम या आकड्यांभोवती फिरत राहिलं.

नोव्हेंबरात अण्णा न्हाणीत पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी घरी आणलं. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पाटावर तर अजिबात नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. अण्णांचं वय ८१. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर त्यांनी सगळी उमेद दिवाणजी म्हणून काढली. गादीवर मांडी घालून, पुढ्यात उतरतं मेज ओढून वह्या लिहायच्या आणि घरी आल्यावर पाटावर बसून जेवायचं. आमच्याकडे डायनिंग टेबल येऊन वीस वर्षं झाली, पण अण्णा त्यावर फार तर पेपर ठेवतात.

अशा माणसाला पलंगावर जेवायची वेळ आली. मांडीवर टॉवेल, त्यावर ताट. भाकरी मोडायला दोन्ही हात लागतात, आणि दोन्ही हात ताटावरून उचलले की ताट कलंडतं. दोनदा आमटी वाकळीवर सांडली. मग आई चमच्यानं भरवायला लागली. तिसऱ्या दिवशी अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाले, "भूक नाही मला." भूक होती. आई ताट घेऊन स्वयंपाकघरात गेल्यावर ते पाणी पिऊन पडून राहिले, ते मी दारातून पाहत होते.

लॅपटॉपसाठी मिळतं तसं घडीचं टेबल मी आधी विकत आणलं. ते चार दिवस टिकलं. वरची फळी दाबलेल्या भुश्शाची, तिला कड नाही, त्यामुळे पेला सरकला की थेट अंथरुणात. पाय वाकवलेल्या बारीक नळीचे, मऊ गादीत एका बाजूनं रुतणारे. पाणी लागून एका कोपऱ्याला फळी फुगली तेव्हा मला २०१९चा ऑगस्ट आठवला आणि लाकडाचा प्रश्न तिथेच सुटला.

आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. त्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि आमच्या घरात खिडकीच्या उंबऱ्याला लागलं होतं. पाणी ओसरल्यावर घरातली प्लायची प्रत्येक वस्तू पुस्तकाच्या पानांसारखी उलगडून बसली होती. आजीचं सागवानी कपाटही गेलं, म्हणजे त्याची पाठ आणि फळ्या गेल्या. त्या नंतर कधीतरी बसवलेल्या प्लायच्या होत्या. मूळची सागाची चौकट मात्र जशीच्या तशी राहिली. अण्णांनी ती सोडवून, सावलीत वाळवून माळ्यावर टाकली होती. तीन इंच रुंद, इंचभर जाड पट्ट्या, सहा फुटी चार आणि आडव्या काही. सागात जे तेल असतं त्यानं ते पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही, हे आपण सगळेच ऐकून असतो. मी ते माळ्यावरून खाली उतरवून हातात धरलं. पट्टी उन्हात नेऊन डोळ्यासमोर धरून पाहिली, तर केसभरही बाक नव्हता. जुन्या सालीत (खाचेत) कूस (त्यात शिरणारं टोक) जिथे बसलेली होती तिथला सांधा ठोकून सोडवला, तेव्हा आतून पिठासारखा बारीक, राखाडी गाळ सांडला. नदीचा. पाच वर्षं तो तिथं बसून होता.

सुतारकामातलं मला थोडंफार येतं. देवघराच्या फळ्या, दोन पाट, मुलासाठी पुस्तकांची मांडणी एवढं केलेलं आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला एक सुतारमामा आहेत. वय झाल्यामुळे आता मोठी कामं घेत नाहीत, पण अंगणात बसून दारांना रंधा मारून देतात. त्यांना पट्ट्या दाखवल्या. त्यांनी नखानं ओरखडून वास घेतला.

"ताई, ह्ये लाकूड आता मिळायचं न्हाई. पर कापायच्या आधी पुठ्ठ्याचं करून बघा. लाकूड एकदा कापलं की मागं येत न्हाई."

टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा होता, त्याचा ट्रे केला. चिकटपट्टीनं जोडून तो अण्णांसमोर ठेवला आणि त्यावर रिकामं ताट मांडलं. आपल्याकडच्या कुठल्याही तयार ट्रेला चारही बाजूंनी सारखी कड असते, तशी मीही दीड इंच काठ उभारला होता. अण्णांनी ताटाकडे हात नेला आणि मनगट पुढच्या काठावर घासलं. आपण हातानं जेवतो. हात ताटात आडवा शिरतो, बोटं ताटाच्या तळाला लागतात, मनगट खाली झुकतं. पुढचा काठ उंच असेल तर प्रत्येक घासाला मनगट उचलून न्यावं लागतं. चमच्यानं जेवणाऱ्याला हा काठ कधी जाणवणारच नाही. मी कात्रीनं पुढचा काठ कापत गेले आणि अण्णा हात नेऊन पाहत गेले. अर्धा इंच उरला तेव्हा ते म्हणाले, "आता ठीक." पेला घसरून खाली पडणार नाही एवढी कड राहिली आणि हातही मोकळा झाला. मागचा आणि बाजूचा काठ सव्वा इंच ठेवला.

लांबी-रुंदी ताटावरून ठरली. आमचं ताट १२ इंची. शेजारी पेला आणि दुसऱ्या बाजूला औषधांची डबी. त्या हिशेबानं २० इंच लांबी पुरली असती. पण ट्रेचे पाय मिटायचे तर हिशेब वेगळा पडतो. दोन्ही टोकांचे पाय आतल्या बाजूला मिटतात, आणि दोघांना मिळून तळाखाली मावायला हवं. तळाखाली लांब बाजूंच्या पट्ट्या दीड इंच उतरवायच्या होत्या, म्हणजे मिटलेले पाय त्या पट्ट्यांच्या आड झाकले जातील. आणि गंमत अशी की तो दीड इंच मी पायांच्या उंचीत धरायलाच विसरले होते. मांडीवर वाकळ धरून आठ इंच. वर थोडी मोकळी जागा हवी म्हणून मी नऊ इंची पाय ठरवले होते, पण पट्टी दीड इंच खाली येते म्हटल्यावर ती थेट मांडीवर बसली असती. पुठ्ठ्यामुळे हे कळलं. पाय साडेदहा इंच केले. आता साडेदहा इंची दोन पाय मिटवायचे तर २० इंची ट्रे पुरत नाही. म्हणून ट्रे २४ इंच लांब आणि १५ इंच रुंद झाला. पाय ज्या बोल्टवर फिरतो त्याचं भोक दोन्ही टोकांपासून पावणेदोन इंचांवर. मध्ये साडेवीस इंच उरतात. भोकापासून तळव्यापर्यंत पायाची लांबी दहा इंचांना एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी. दोन पायांची मिळून पावणेवीस. मध्ये पाऊण इंच फट राहते, बोट घालून पाय उघडायला तेवढी पुरते.

सुताराच्या टेपवर इंचाचे आठ भाग असतात, प्रत्येक भाग म्हणजे एक सूत. मी सुरुवातीला मिलिमीटरमध्ये आकडे लिहिले होते. मामांनी ते बाजूला सारले, पेन्सिलीनं सगळं सुतात लिहून दिलं, आणि खरोखरच हिशेब सोपा झाला. पायाची रुंदी दहा सूत, भोक वरून पाच सुतांवर, म्हणजे रुंदीच्या बरोबर निम्म्यावर. पाय उभा असो की आडवा, भोकापासून तळाचं अंतर तेवढंच राहतं. मिटला की तो तळाला चिकटून झोपतो.

दुसऱ्या रविवारी कामाला सुरुवात झाली. पट्ट्या चिरायला आरा मिलवर दिल्या. जुन्या लाकडात खिळा राहिला असेल तर पातं मोडतं, म्हणून आधी घरी प्रत्येक पट्टीवर लोहचुंबक फिरवून पाहिला आणि तीन खिळे काढले. जाडी सहा सुतांवर आणली. तळाच्या प्लायसाठी आतल्या बाजूला लांब खाचही तिथेच मारून घेतली. प्लाय ६ मिलिमीटरचा, सातशेदहा नंबरचा, म्हणजे पाण्यात उकळला तरी न सुटणाऱ्या डिंकाचा. दुकानात कपाटं करून उरलेले तुकडे पडलेले असतात, त्यातला घेतला. ट्रेचा तळ सलग सागाच्या फळीचा करावा असं मला फार वाटत होतं. पण रुंद फळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिला चौकटीत घट्ट डकवलं तर ती तरी तडकते किंवा कोपरे तरी उघडते. प्लाय हलत नाही.

प्लायवर सनमायका लावला. वाटी गरम असते, हळद सांडते, दिवसातून तीनदा ओलं फडकं फिरणार. मामांनी इथे एक गोष्ट सांगितली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पातळ प्लायला एकाच बाजूनं सनमायका चिकटवला तर प्लाय धनुष्यासारखा वाकतो. दोन्ही बाजूंना लावायचा. वर खरबरीत, फिक्या लाकडी रंगाचा लावला, कारण गुळगुळीत सनमायकावर स्टीलचं ताट घसरतं. पांढरा मुद्दामच टाळला, हळदीचा डाग त्यावर कायमचा बसतो. चिकटवताना गोंद दोन्ही पृष्ठांना लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग एका कडेकडून दाबत जायचं. तिथे घाई केली तर मध्ये हवा राहते. हा चिकटवलेला तुकडा सोबत नेऊनच मी मिलवर खाच मारून घेतली. प्लाय आणि दोन सनमायका मिळून जाडी ८ मिलिमीटर होते. नुसत्या प्लायच्या मापानं खाच घेतली असती तर तळ आत गेलाच नसता.

सागावर रंधा मारताना एक वास सुटतो, चामड्याचा आणि थोडा तुपकट. अण्णा आतल्या खोलीतून ओळखायचे. "आजीच्या कपाटाचा वास आला," म्हणाले. पाती मात्र लवकर बोथट होतात. सागात वाळूसारखा अंश असतो, त्यानं धार जाते. मी दर अर्ध्या तासानं रंध्याचं पातं आणि पटाशी दगडावर घासत होते. भुश्शानं शिंका येतात आणि काहींच्या कातडीला खाज सुटते. नाकाला फडकं बांधलंच पाहिजे, आणि हे काम आजारी माणसाच्या खोलीपासून लांब, मागच्या अंगणात करायचं. डिंक लावण्याआधी सांध्याची जागा थिनरच्या फडक्यानं पुसून घेतली. तेलकट सागावर फेविकॉल नीट धरत नाही, पुसल्यावर धरतो.

बाजूच्या पट्ट्यांना हात घालायला चार इंची खाच केली. माझ्याकडे जिगसॉ नाही. दोन टोकांना मोठी भोकं पाडली, मधलं लाकूड बारीक करवतीनं कापलं आणि कानशीनं कडा गोल केल्या. त्या कडांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला असेन. आईच्या बोटांना संधिवात आहे.

आता पायांकडे येते, कारण सगळा जीव तिथे आहे.

मिटणाऱ्या पायाला बिजागरी लावावी असं पहिल्यांदा कुणालाही वाटतं. मीही गणपती पेठेत जाऊन चार बिजागऱ्या आणल्या होत्या. मामांनी त्या परत पाठवल्या. बिजागरी दोन्ही बाजूंना फिरते. तिला अडवायला वेगळी पट्टी, वेगळी खिट्टी लागते, आणि खिट्टी लावायला म्हातारी माणसं विसरतात. त्याऐवजी एकच बोल्ट. लांब बाजूच्या पट्टीतून आणि पायातून आरपार जाणारा, ६ मिलिमीटर जाडीचा, दोन इंची. पट्टी आणि पाय यांच्यामध्ये एक वायसर, आतल्या बाजूला आणखी एक वायसर आणि नायलॉक नट. या नटाच्या आत नायलॉनचं कडं असतं, त्यामुळे पाय कितीदाही फिरवला तरी नट ढिला होत नाही. साधा नट आठवड्यात सुटतो.

अडवण्याचं काम पायाचा कोपरा करतो. पायाच्या वरच्या टोकाला दोन कोपरे असतात, एक ट्रेच्या मध्याकडचा आणि एक बाहेरचा. पाय मिटताना तळवा आत येतो आणि डोकं बाहेर कलतं. त्या वेळी आतला कोपरा वर उचलला जातो आणि ट्रेच्या तळाला अडतो, म्हणून तो गोल करायचा. बाहेरचा कोपरा चौकोनीच ठेवायचा. पाय उघडून उभा राहिला की हाच कोपरा तळाला भिडतो आणि पायाला आणखी बाहेर जाऊ देत नाही. त्यात आणखी एक बारकावा आहे. पाय अगदी काटकोनात उभा न ठेवता पाच अंश बाहेर झुकवायचा. मग ताटाचं आणि हाताचं वजन पडलं की ते पायाला बाहेरच ढकलतं, आणि बाहेर जायला तर कोपरा अडवून उभा आहे. जितका भार, तितका पाय पक्का. आत मिटायचं त्याला सुचतच नाही. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन मी पायाचं वरचं टोक पाच अंश तिरकं कापलं. हे कळलं त्या दिवशी मी रात्री उशिरापर्यंत पुठ्ठ्याचा एक पाय टाचणीवर फिरवत बसले होते. एका कोपऱ्यावर एवढं सगळं उभं राहतं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

खाली मऊ गादी असल्यामुळे चार सुटे पाय चालणार नव्हते, ते रुततात. म्हणून प्रत्येक टोकाच्या दोन पायांना खाली एक आडवी पट्टी जोडली. पायाला कूस, पट्टीत साल. पट्टीमुळे भार पसरतो आणि ट्रे डुलत नाही.

चूक इथे झाली. चारही पाय मी एकसारखे कापले होते. गोल कोपरा कुठल्या बाजूला ठेवायचा हे पाय आडव्या पट्टीत बसवताना ठरतं. चौथ्या रविवारी संध्याकाळी दिवे गेले होते, आईच्या औषधाची वेळ झाली होती, आणि मी बॅटरीच्या उजेडात दुसरी जोडी चिकटवली. सकाळी क्लॅम्प काढले तेव्हा दिसलं की एका पायाचा गोल कोपरा आत आहे आणि त्याच जोडीतल्या दुसऱ्याचा बाहेर. फेविकॉल पक्का झालेला. दोन्ही पाय एकाच बाजूनं चुकले असते तर जोडी फिरवून लावता आली असती. एकच चुकला होता, त्यामुळे कशीही फिरवली तरी एक पाय मिटायला नकार देणार. त्या सोमवारी शाळेत फळ्यावर गणित लिहितानाही माझ्या डोक्यात तो पाय होता.

सांधा फोडून काढायचा विचार मी करत होते. मामांनी हात लावू दिला नाही. "सागाची कूस मोडली की नवा पाय करायला लागंल, आणि तेवढं लाकूड ऱ्हायलंय कुठं?" त्यांनी चुकलेल्या पायाचा दुसराही कोपरा कानशीनं गोल करायला सांगितलं. आता तो मिटतो, पण उघडल्यावर अडत नाही. त्याला अडवायला बाजूच्या पट्टीच्या आतून अडीच सूत जाडीचा सागाचा गुटका चिकटवून वर एक स्क्रू मारला. पाय पाच अंशांवर आला की त्या गुटक्याला टेकतो. गुटक्याची जाडी मी तीनदा घासून जुळवली, कारण तो जरा जाड झाला तर ट्रे एका कोपऱ्यावर उचलला जातो. तो गुटका अजून तिथे आहे आणि चार पायांत सगळ्यात भक्कम तोच पाय आहे.

दुसरी अडचण किरकोळ होती. जोडीची बाहेरून रुंदी मी आतल्या जागेएवढीच ठेवली, वायसरच्या जाडीला जागाच सोडली नाही. दोन्हीकडून रंध्याचे चार-चार हात मारल्यावर बसली.

राहिलं पॉलिश. अण्णांना तपासायला मिरजेला न्यावं लागायचं, तेव्हा मी तंतुवाद्यं बनवणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत गेले होते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथली चमक मी लहानपणापासून पाहत आले आहे. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्यानं थरावर थर देत आणलेली, आतून उजेड आल्यासारखी. मला ट्रेला तेच हवं होतं. एका कारागिराला विचारलं. भोपळ्यावरचा हात न थांबवता ते म्हणाले, "तंबोऱ्याला चपडी शोभते बाई. त्याच्यावर कुणी गरम आमटी सांडत नाही." चपडीवर गरम भांडं ठेवलं की पांढरं वळं उमटतं आणि पाणी साचलं तरी डाग पडतो. म्हणून पाय आणि खालच्या पट्ट्या चपडीनं केल्या, जिथे हात आणि अन्न लागतं तिथे पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, तीन हात दिले. दोन हातांमध्ये एक दिवस, आणि मध्ये ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं. शेवटच्या हातानंतर आठवडाभर ट्रे तसाच ठेवला. अण्णा रोज विचारायचे. वरून कोरडं वाटलं तरी आतून पक्कं व्हायला आणि वास जायला तेवढे दिवस लागतात, हे त्यांना पटवणं लाकूड घासण्यापेक्षा अवघड गेलं.

लाकूड घरचं असल्यामुळे खर्च हजार-अकराशेच्या आत झाला. मिल, प्लाय, सनमायका, बोल्ट आणि पीयू. वजन मात्र पावणेचार किलो भरलं. हे जास्त झालं. पुन्हा करताना मी पट्ट्या सहाऐवजी चार सुतांच्या करीन, सागाला तेवढी जाडी पुरते. आईला भरलेल्या ताटासकट तो उचलवत नाही. ती आधी ट्रे पलंगावर मांडते, पाय उघडून एकदा दाबून पाहते आणि मग ताट आणते.

पहिल्या दिवशी ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी आणि वांग्याची भाजी होती. अण्णांच्या पाठीशी तक्क्या लावला, ट्रे मांडीवरून पलीकडे ठेवला. वाकळीला तो कुठेही टेकत नव्हता. ताट समोर आल्यावर अण्णांनी आधी दोन्ही तळहात ट्रेवर ठेवले आणि थोडा वेळ तसेच बसले, अडतीवर वही उघडण्याआधी बसायचे तसे. मग भाकरी घेतली आणि दोन्ही हातांनी मोडली. आई चमचा घेऊन उभी होती. तो तिनं ओट्यावर नेऊन ठेवला.

आता ते वॉकर घेऊन गच्चीच्या दारापर्यंत जातात. तरी जेवण अजून पलंगावरच होतं. जेवण झालं की ट्रे पुसून त्यावर पेपर पसरतात. आषाढात हवा दमट झाल्यावर पाय फिरायला जड झाले, लाकूड फुगलं होतं. नट पाव फेरा सैल केल्यावर मोकळे झाले. वायसरपाशी मेणबत्तीचं मेण घासून ठेवलंय.

मागच्या आठवड्यात पिठलं-भाकरी होती. आईनं कांदा कापायला घेतला तर अण्णांनी अख्खाच मागितला. सोलून ट्रेच्या मधोमध ठेवला, डाव्या हातानं कड धरली आणि मूठ वर उचलली. आई "अहो" म्हणाली. मी त्या गुटक्याकडे बघत होते. अण्णांनी बुक्की मारली, कांदा फुटून चार पाकळ्या झाल्या, आणि पाय जागचे हलले नाहीत.